खालचं वेळापत्रक वरच्या बागेला चालत नाही

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याच्या एका ताईंचं पत्र आहे:

"तोरणमाळला आमचं छोटं घर आहे. उतारावरची अर्धा एकर जागा. घरासमोर २० बाय ५० फुटांचं लॉन, बारा-पंधरा गुलाब, खालच्या कुंपणभिंतीलगत केशर आंब्याची तीन कलमं आणि काही पपया. दिवाळीनंतर लॉन पिवळं पडतं. गेल्या वर्षी दोनदा युरिया टाकला, उपयोग शून्य. पौषात तीनपैकी दोन कलमं आणि सगळ्या पपया होरपळल्यासारख्या काळ्या झाल्या. घराला लागून असलेल्या पेरूला मात्र काही झालं नाही. पावसाळ्यात उतारावर ओघळी पडल्या, पायवाटेचा तर नालाच झाला. बाग बघणारे दादा पालापाचोळा रोज पेटवतात. गेलेल्या कलमांच्या जागी, ओल आहे तोवर, आताच नवी लावू का? गुलाब कधी छाटू? शेजारी सफरचंद लावा म्हणतात, मुलांना स्ट्रॉबेरी हवी आहे. आमचं वर जाणं पंधरा दिवसांतून एकदा होतं."

ताई, तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ एकच आहे. बाग तोरणमाळला आहे आणि तिचं कॅलेंडर शहाद्याचं आहे. सातपुड्यातलं तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर, म्हणजे शहाद्यापेक्षा साधारण हजार मीटर उंच. एवढ्या उंचीला हवा सरासरी सहा अंशांनी थंड असते. खाली ऑक्टोबरची काहिली चालू असते तेव्हा वर दुपारचं ऊन तसंच चटकतं, पण रात्री गार झालेल्या असतात. माती मात्र अजून उबदार आणि ओली असते. कोजागिरीला गुलाबाई गेल्या की पुढचे पाच-सहा आठवडे झाडांची मुळं जोरात काम करतात, आणि या दिवसांत जे करायचं ते मुळांसाठी करायचं. वरच्या पानांना भरीला घालून कोवळी फूट काढली, की डिसेंबरात सारंगखेड्याची यात्रा भरते त्या सुमारास ती थंडीच्या तोंडी सापडते. युरिया टाकण्यात धोका नेमका हाच असतो.

आधी लॉनचं बघू. तुमचं गवत बहुधा हरळीच्या जातीचं आहे. हरळी उष्ण हवेतलं गवत. रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जायला लागलं की ती वाढ थांबवते, पानांतला हिरवा रंग सोडते आणि जमिनीलगतच्या धावत्या खोडांत अन्न साठवून झोपते. पिवळेपणा हा रोग नाही. खात्री करायची असेल तर डिसेंबरात एक धावतं खोड उपटून नखाने सोला. आतून पांढरट-हिरवं आणि टणक निघालं तर गवत जिवंत आहे. तपकिरी, पोकळ, सहज तुटणारं निघालं तर तेवढा तुकडा मेला. झोपलेल्या गवताला युरिया देऊन ते उठत नाही, नत्र पाण्याबरोबर खाली जातं. उठलंच, तर पहिल्या कडाक्यात कोवळं पातं जळतं.

करायचं ते असं. नत्राचा शेवटचा हप्ता सप्टेंबरअखेर, त्यानंतर थेट फेब्रुवारीअखेरीपर्यंत बंद. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, गवत अजून वाढतंय तोवर, काटेरी फोर्क घेऊन चार-चार इंचांवर तीन-चार इंच खोल भोकं पाडा. पावसात लॉनवर चालणं झालेलं असतं, माती दबून मुळांना हवा मिळत नाही, आणि तुमच्याकडे तर मुरमावर मातीचा थर पातळच असणार. मग चाळलेली वाळू आणि चाळलेलं कुजकं खत निम्मं-निम्मं मिसळून पाव इंचाचा थर पसरा आणि खराट्याने भोकांत ढकला. तुमच्या हजार चौरस फुटांना असं मिश्रण साधारण २० घनफूट लागेल. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत, दिसेनाशी झाली तर थर जाड झाला. याच वेळी ०:०:५०, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश, सगळ्या लॉनला मिळून एक किलो टाका आणि पाणी द्या. पालाशने पेशींतला रस दाट होतो आणि गवत थंडी जास्त सोसतं. कापणी यंत्राचं पातं दीड-दोन इंचांवर चढवा. खूप खाली कापलेलं लॉन हिवाळ्यात आधी मरतं. नोव्हेंबरनंतर कापणी लागतच नाही. पाणी दहा दिवसांतून एकदा पण खोल द्या. रोज शिंपडलेलं पाणी मुळं वर आणून ठेवतं.

हिवाळ्यात हिरवंच हवं असा हट्ट असेल तर राय गवताचं बी ऑक्टोबरअखेर तीन-चार किलो टाकता येतं. पण त्याला सारखं पाणी लागतं, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ते मरताना हरळीला उशिरा उठवतं. पंधरवड्याने वर जाणाऱ्यांनी या फंदात पडू नये असं आमचं मत आहे. झाडाच्या सावलीत जिथे हरळी धरतच नाही आणि काळी बुळबुळीत साय येते, तिथेही बी, खत टाकत बसू नका. तेवढी जागा दगडी फरशीला द्या.

आता कलमं, कारण पत्रातला सगळ्यात महागडा धडा तिथे आहे. भिंतीलगतची कलमं गेली आणि घराजवळचा पेरू वाचला, यात नशिबाचा भाग फार थोडा. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडते, जमिनीलगतची हवा गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उताराने खाली वाहते. तुमची खालची भिंत म्हणजे त्या हवेला घातलेला बांध. तिच्यामागे थंड हवेचं तळं साचतं आणि कलमं त्या तळ्यात उभी राहतात. घराजवळ मात्र दगडी भिंत दिवसाची ऊब रात्री सोडत राहते. ऑक्टोबरातल्या एखाद्या शांत संध्याकाळी, सूर्य बुडाल्यावर, पेटती उदबत्ती जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून बागेत पाच-सहा ठिकाणी उभ्या राहा. धूर कुठे जातो आणि कुठे घुटमळतो ते बघा. जिथे घुटमळतो तिथे नाजूक झाड लावायचं नाही.

भिंत पाडायची गरज नाही. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात तीन फुटांची फट काढून तिथे जाळीचं फाटक बसवा आणि फाटकासमोरचं गवत-झुडूप साफ ठेवा. हवेला वाट मिळाली की तळं उथळ होतं. उताराला आडवं दाट मेंदीचं कुंपण घातलं असेल तर त्यातही अशीच फट हवी.

हवामान खात्याचा आकडा बघून गाफील राहू नका. तो जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. तिथे तीन-चार अंश दिसत असताना खाली गवताच्या पात्यावर शून्य असू शकतं. तोरणमाळ आणि सातपुड्यातल्याच डाबच्या परिसरात दव गोठतं ते असंच. किमान-कमाल तापमान दाखवणारा साधा तापमापक कलमाशेजारी फूटभर उंचीवर बांधून ठेवा. पंधरा दिवसांनी गेलात तरी मधल्या काळातलं सगळ्यात कमी तापमान त्यावर टिकून असतं.

उरलेल्या एका कलमासाठी नोव्हेंबरअखेर गवताची खोपी करा. चार बांबू, त्यांना उत्तरेकडून, पश्चिमेकडून आणि वरून शाकारायचं गवत. आग्नेयेची बाजू उघडी, म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. ही खोपी शिवरात्रीपर्यंत तशीच राहते, रोज उघड-झाक करावी लागत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांना सोयीची. गोणपाट किंवा क्रॉप कव्हर (झाडांवर घालायचं पातळ कापड) वापरलंत तर ते काठ्यांवर ताणा, आणि सकाळी ऊन आल्यावर कुणीतरी काढायला हवं. प्लॅस्टिकचा कागद पानांना टेकला तर टेकलेलं पान हमखास जळतं. खालच्या अंगाची, कलमाच्या जोडाजवळची जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथे गोणपाटाच्या दोन-तीन घड्या सैल गुंडाळा.

आच्छादनाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे भलेभले चुकतात. ऑक्टोबरात कलमाभोवती वाळल्या पानांचं तीन-चार इंच आच्छादन चांगलंच, ओल टिकते. खोडापासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर वाळवी सरळ सालीवर चढते. पण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत हेच वाळलं आच्छादन उलटं वागतं. ते मातीतली ऊब मातीतच कोंडून ठेवतं आणि वरची पानं आणखी गारठतात. त्या दीड महिन्यात कोवळ्या झाडाभोवतीचं आच्छादन हात-दीड हात मागे सारा आणि माती ओली ठेवा. ओली, उघडी, दाबलेली माती दिवसा ऊन साठवते आणि रात्री सोडते. आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी अशी संध्याकाळ दिसली की दादांना सांगा, दुपारी चारच्या आत बुडाशी पाणी द्या, पानांवर नाही. शेकोटीच्या धुराने फारसं काही साधत नाही. धूर उताराने निघून जातो आणि त्या दिवसांत भोवतालचं गवत वाळलेलं असतं.

नवी कलमं आता लावू नका. ओल आहे हे खरं, पण ऑक्टोबरात लावलेलं कलम थंडीपूर्वी मूळ धरत नाही आणि पुढे आखाजीपर्यंत (अक्षय्य तृतीयेपर्यंत) पाण्यावरच जगवावं लागतं. घेतलीच असतील तर पिशवीतच ठेवून घराच्या दक्षिण बाजूच्या ओसरीत हिवाळा काढू द्या. खड्डे मात्र उन्हाळ्यात खणून तापू द्या, तीन बाय तीन बाय तीन फूट, आणि लावणी पहिला चांगला पाऊस झाल्यावर, उताराच्या मधल्या पट्ट्यात. पपई हवीच असेल तर घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागूनच. उरलेल्या कलमाला आता नत्र नको, ०:०:५० पन्नास ते शंभर ग्रॅम पुरे. छाटणीही नको. आत्ता फांदी कापली की तिथून फूट येते आणि तीच आधी जळते.

ओघळींचं काम ऑक्टोबरातच करा, माती मऊ आहे आणि पाणी कुठून आलं त्या खुणा अजून ताज्या आहेत. ओघळीच्या तळापासून नाही, तिच्या डोक्यापासून सुरुवात करायची. बहुतेक ठिकाणी डोक्याशी पत्र्याची पन्हाळ सापडते. हजार चौरस फुटांच्या पत्र्यावर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३५० लिटर पाणी होतं, आणि ते एकाच नळीतून एका जागी पडतं. त्या नळीखाली टाकी ठेवा, निदान तीन फूट लांब-रुंद दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करून पाणी पसरवून सोडा. नुसती ओघळ मातीने भरलीत तर ती माती जूनमध्ये भिंतीपाशी मिळेल. आधी दगडांचे आडवे बांध रचा, वरून पाचोळा, मग माती.

उतारावर समपातळीत दगडी ताली (बांध) घाला. पातळी काढायला सहा फुटांच्या दोन काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी, आणि शेंड्यावरून दोरीला दगड लटकवा. दोन्ही पाय टेकवून दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण. दोन खुणांच्या बरोबर मध्ये दोरी आली की दोन्ही पाय समपातळीत आहेत. दर सहा फुटांवर खुंटी ठोकत पुढे जा. उभ्या मापात दर तीन फुटांनी एक ताल, पाया वीतभर खोल, उंची फूट-दीड फूट, तोंड उताराच्या वरच्या अंगाला थोडं कललेलं. सिमेंट भरू नका. पाणी दगडांतून झिरपलं पाहिजे, गाळ मागे राहिला पाहिजे. पायवाट सरळ खाली उतरत असेल तर ती नाला होणारच. नागमोडी करता आली तर उत्तम, नाहीतर दर पंधरा फुटांवर तिरकी, वीतभर रुंद दगडी चर घालून पाणी बाजूच्या गवतात काढा. तालींच्या कडेने वाळ्याचे ठोंब जूनमध्ये चार-सहा इंचांवर लावा, आत्ता नाही. टणटणी आणि गाजरगवत उपटायला मात्र हेच दिवस. टणटणी कुदळीने मुळाच्या गड्ड्यासकट काढा, वरून कापलेली दुप्पट फुटते.

गुलाबांची छाटणी १० ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान उरका. वर छाटणीपासून फुलापर्यंत सात-आठ आठवडे लागतात, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला बहर मिळतो आणि फांद्या कडाक्याआधी जून होतात. नोव्हेंबरअखेर छाटलेला गुलाब कोवळ्या लाल फुटीसकट थंडीत सापडतो. पेन्सिलीएवढ्या किंवा जाड, निरोगी तीन ते पाच फांद्या राखा, उंची दीड ते दोन फूट. सिकेटर धारदार हवं. काप बाहेरच्या दिशेच्या डोळ्याच्या पाव इंच वर, डोळ्याच्या उलट बाजूला उतरता. कापल्यावर आतला गाभा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी दिसला तर आणखी खाली जा. डोळा बांधलेल्या जागेच्या खालून आलेले जंगली फुटवे कापू नका, बुडातून ओढून काढा.

कापांवर बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही वेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत विरघळवून मग एकत्र करा. लोखंडी बादली चालत नाही. तयार मलमात चाकूचं स्वच्छ पातं मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुना थोडा वाढवा, नाहीतर साल भाजेल. ज्या दिवशी केलं त्याच दिवशी संपवा. काळे ठिपके पडलेली पानं गोळा करून खोल पुरा, खताच्या ढिगात टाकू नका. प्रत्येक झाडाला चांगलं कुजलेलं शेणखत पाच किलो आणि निंबोळी पेंड २०० ग्रॅम पुरे. खाली काळ्या जमिनीत गुलाबाची मुळं तीन-चार दिवस उघडी टाकतात. तुमच्या मुरमात ते करू नका, झाड वाळतं. नोव्हेंबरात दिवस कोरडे आणि रात्री दवाच्या, की भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) येते. ८० टक्क्यांचं पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी फवारा. दुपारच्या तिशीपलीकडच्या उन्हात त्याने पानं भाजतात, आणि निंबोळी तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या.

पालापाचोळा जाळणं आजपासून बंद. एक तर ते फुकटचं खत आहे, दुसरं म्हणजे सातपुड्यात वाळल्या गवताला लागलेली ठिणगी तुमच्या कुंपणापाशी थांबत नाही. तीन फूट व्यासाचं जाळीचं पिंप उभं करा. वीतभर पाचोळा, त्यावर दोन बोटं शेणकाला, असे थर. सागाची पानं मोठी आणि चिवट असतात, ती तुडवून चुरा करूनच टाका, नाहीतर एकावर एक चिकटून आत पाणी जात नाही. मूठभर काढून दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. तुमच्या दर खेपेला एकदा वरखाली करा. आणि नोव्हेंबर संपायच्या आत कुंपणाच्या आतून दहा फूट पट्ट्यातलं गवत कापून उचला, ती तुमची जाळरेषा.

सफरचंदाचं तूर्त विसरा. कमी थंडीच्या जाती पानं-फुलं धरतात म्हणून फळ समाधानकारक येईलच असं नाही, आणि त्या झाडाची निगा पंधरवड्याने होत नाही. त्यापेक्षा सीताफळ आणि आवळा लावा, सातपुड्याच्या उतारावर ती चांगली रुळलेली झाडं आहेत. स्ट्रॉबेरी मात्र जमण्यासारखी आहे, डाबकडे शेतकरी घेतातच. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, फूटभर उंच वाफा करून ऑक्टोबरात फूट-फूट अंतरावर तीस रोपं लावा, विंटर डॉन किंवा स्वीट चार्ली. रोपाचा गड्डा मातीच्या बरोबरीने हवा. खाली गेला तर कुजतो, वर राहिला तर सुकतो. ठिबक आणि टायमर असेल तरच हात घाला. थंडीत फुलाच्या पाकळ्या पांढऱ्या पण मध्यभाग काळा दिसला, तर ते फूल रात्री गोठलं, त्याचं फळ होणार नाही. त्या आठवड्यात वाफ्यावर रात्री क्रॉप कव्हर ओढायला सांगा.

गेल्या वर्षीच्या दोन काळ्या कलमांचं तुम्ही काय केलं ते पत्रात नाही. अजून उपटली नसतील तर साल नखाने खरवडून बघा, वरून खाली येत. जिथे हिरवं लागेल तिथपर्यंत झाड जिवंत आहे. पुढेही कधी असं झालं तर जळकी फांदी लगेच कापू नका. ती खालच्या डोळ्यांना थोडा आडोसा देते, आणि नुकसान कुठवर गेलंय ते शिवरात्रीच्या सुमारास नवी फूट आल्यावरच कळतं. फूट कलमाच्या जोडाच्या वरून आली असेल तर त्यावर अर्धा इंच ठेवून वाळकं काढा आणि बोर्डो मलम लावा. फक्त जोडाच्या खालून आली असेल तर ते केशर राहिलं नाही, खालचं गावठी कोयीचं झाड आहे. ते ठेवायचं तर त्याच्यावर पावसाळ्यात पुन्हा कलम बांधून घ्या. जागा थंड हवेच्या तळ्यातली असेल तर मात्र तेवढे कष्टही नकोत, तिथे नाजूक फळझाड लावूच नका.